अंगठ्याखालची खूण

शनिवारी सकाळी सव्वादहाला मामींनी उजव्या अंगठ्यावरची पट्टी काढली, आणि दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांना बुधवार आठवला. मधल्या पाच मिनिटांत एवढंच घडलं, की त्यांनी सवयीने रॉकेलच्या ट्रेमधून एक झाकण उचललं. अर्ध्या चंद्राच्या आकाराचं, जड, कुठल्यातरी जुन्या पंपाचं. ते उजव्या हातात धरलं आणि आपला अंगठा कुठे टेकलाय ते बघत त्या तशाच उभ्या राहिल्या.

अंगठा सरळ कडेवर होता. पाठीवर. गोल पोटावर नव्हता.

बाहेर पत्र्याच्या शेडखाली डॉक्टरबाईंची काळी गाडी निघायच्या तयारीत होती. मामा तिच्या काचा पुसत होते. काचा पुसणं म्हणजे काम संपलं. काम संपल्याशिवाय मामा काचेला हात लावत नसत.

मामी कुणाच्याच मामी नव्हत्या. नवऱ्याला अख्खी गल्ली मामा म्हणायची, म्हणून त्या मामी. मामा जुन्या गाड्यांचे मेकॅनिक, आणि मामी त्या गाड्यांचे सुटे भाग धुवायच्या. एकतीस वर्षं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात त्या नवऱ्याला डबा द्यायला गराजमध्ये आल्या, तर नवरा एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन बसलेला, आणि दोन्हीपैकी एकही काम धड होत नव्हतं. "द्या इकडे," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी मामा डबा खायला विसरले आणि मामी घरी जायला.

भागांची खरी नावं त्यांनी कधी शिकून घेतली नाहीत. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला त्या 'कोळी' म्हणत, कारण तिला चहूकडून पाय फुटलेले. पिस्टनला 'पेला'. कार्बोरेटरला 'कारभारी'. मामा चिडायचे. "अगं, गिऱ्हाइकासमोर तरी नीट म्हण." त्यावर मामी, "गिऱ्हाइकाला तुमचं इंग्रजी कळतं कुठे? कोळी म्हटलं की लगेच कळतं." मात्र धुतलेला भाग हातात दिला, की डोळे मिटून सांगायच्या: हा मास्तरांच्या गाडीचा, मागच्या वेळी इथे टवका नव्हता.

आता खुणेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं.

मामा कुठलाही भाग सोडवण्याआधी त्यावर पिवळ्या खडूने एक रेघ ओढत. भाग कसा बसला होता, कुणीकडे तोंड होतं, ते ती रेघ सांगे. जोडताना रेघ जागेवर आणायची, की झालं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा असं कुणी सुचवलं, तर मामा दोन्ही काळे पंजे पुढे करत. "ह्या हाताने फोन काढू?" पंच मारून कायमची खूण करा म्हटलं तर म्हणत, "सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या लोखंडाला आता गोंदवायचं का?"

मामींचं धुणं त्या रेघेभोवती बेतलेलं होतं. मामी डावऱ्या. भाग उजव्या हातात घ्यायचा, खुणेवर अंगठा दाबायचा, आणि डाव्या हातातल्या ब्रशने बाकीचं घासायचं. रॉकेल सगळीकडे फिरे, फक्त अंगठ्याखाली जात नसे. मामा जोडायला घेत तेव्हा लख्ख लोखंडावर ती रेघ जशीच्या तशी.

"खूण खोटं बोलत नाही," मामा म्हणायचे. "बोलतो तो माणूस."

हे त्यांनी गिऱ्हाइकांना शंभरदा ऐकवलं असेल. सख्ख्या धाकट्या भावाला मात्र एकदाच ऐकवलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या हातून चिंधीने इंजिनातल्या एका दातेरी चाकावरची खूण पुसली गेली. त्याने ते चाक अंदाजाने बसवलं आणि गप्प राहिला. इंजिन सुरू झाल्याबरोबर आतून असा आवाज आला, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मामांनी आरडाओरडा केला नाही. भावाची हत्यारं एका पिशवीत भरली आणि पिशवी दाराबाहेर ठेवली. दोघं भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. मामी जाऊबाईंशी फोनवर बोलायच्या, पण मामा अंघोळीला गेल्यावर.

ही काळी गाडी आली सोमवारी. डॉक्टरबाई म्हणजे निवृत्त सर्जन, वय बहात्तर, गाडी त्यांच्या वडिलांची. तक्रार अशी, की सपाटीवर ठीक चालते, पण चढण लागली की धापा टाकते आणि मध्येच बंद पडते. बॉनेटखालून पेट्रोलचा वास येतो.

मामांनी हात घातला आणि त्यांना लगेच सापडलं. इंजिनाचा धूर ज्या बिडाच्या जाड नळकांड्यातून बाहेर पडतो, त्यात एक झडप असते. गाडी थंड असताना ती बंद राहते आणि गरम धुराला कार्बोरेटरच्या बुडाखालून फिरवून आणते. थंडीत उठल्यावर माणूस आधी चुलीपाशी हात शेकतो, तसं. अंग गरम झालं की झडपेने उघडायचं आणि धुराला वाट द्यायची. ही उघडत नव्हती. गंजून मिटलेली. म्हणजे चढावर इंजिन आधीच तापलेलं, आणि वरून कार्बोरेटरच्या बुडाखाली जाळ चालूच. आतलं पेट्रोल उकळून फसफसत बाहेर येणार.

"आणि खाली लाल झालेलं बीड," मामा म्हणाले होते. "ह्याच्यावर पेट्रोल सांडलं तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको, डॉक्टरबाई."

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "भाजलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत."

झडपेचं पातं आत असतं, दिसत नाही. ते एका दांडीवर फिरतं. दांडीच्या एका टोकाला गुंडाळलेली पातळ स्प्रिंग, दुसऱ्या टोकाला अर्धचंद्राच्या आकाराचं लोखंडी वजन. गार असताना स्प्रिंग ताठ असते आणि झडप मिटून धरते. तापली की सैल पडते, मग वजन आपल्या भाराने दांडी फिरवतं. वजन सुलटं बसवलं तर झडप उघडते. उलटं बसवलं तर तेच वजन तिला मिटून धरतं, स्प्रिंग सैल पडली तरी. दोन्हीत फरक अर्ध्या फेऱ्याचा.

खरं तर नळकांडं उतरवून, आत डोकावून, पातं बघूनच वजन बसवावं. पण त्याचे आठही बोल्ट असे गंजलेले, की एक जरी मोडला तर गाडी दोन महिने उभी. म्हणून मामांनी ते गाडीवरच ठेवलं. दांडीच्या टोकाला कारखान्यातूनच आलेली एक बारीक खाच होती. त्या खाचेसमोर वजनाची जी बाजू येत होती तिथे त्यांनी खडूची रेघ ओढली आणि वजन काढून मामींकडे दिलं.

तो बुधवार होता. मामींनी सकाळीच डब्याच्या पत्र्याने उजवा अंगठा कापून घेतला होता. चांगली जाड पट्टी. पट्टीला रॉकेल लागू नये म्हणून त्यांनी वजन डाव्या हातात धरलं आणि ब्रश उजव्या हातात. सगळं उलटं. दोन मिनिटं घासलं असेल, तोच ट्रेमध्ये एक पिवळा ढग पसरला आणि विरून गेला.

मामींनी वजन वर काढलं. लख्ख. कुठेच काही नाही.

त्यांनी मामांकडे बघितलं. मामा गाडीखाली आडवे. दांडीवर तीन दिवस तेल सोडत होते आणि आता पितळी हातोडीने तिला टोकावर हलकेच टिचक्या मारत होते, एकदा इकडून, एकदा तिकडून. टिच. टिच. एक टिचकी जोराची पडली तर दांडी मोडणार, आणि ही दांडी आता जगात कुठे मिळत नव्हती. अशा वेळी मामांशी बोलायचं नसतं. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मग मामींनी कोनाड्यातला खडू घेतला. खूण अंगठ्याखाली असते. अंगठा आत्ता पोटावर होता. त्यांनी पोटावर रेघ ओढली.

तेवढ्यात गाडीखालून आवाज आला, "सुटली गं. फिरली दांडी." आणि त्या आनंदात त्या सगळं विसरल्या. शनिवारपर्यंत.

शनिवारी, उजव्या हातात वजनाच्याच आकाराचं ते पंपाचं झाकण धरून उभ्या असताना, त्यांच्या लक्षात आलं की एकतीस वर्षं जो अंगठा खूण लक्षात ठेवत होता तो उजवा होता. डाव्याला काहीच माहीत नव्हतं. डावा अंगठा नुसता टेकला होता.

की बुधवारी मामांनीही पोटावरच रेघ ओढली होती? असेलही. त्यांनी डोळे मिटून वजन हातात येतानाचा तो क्षण आठवून पाहिला. मामांचा काळा हात दिसला. रेघ दिसली नाही.

बाहेर मामा म्हणाले, "बसा, डॉक्टरबाई. चालू करून दाखवतो."

मामी बाहेर आल्या. पुढच्या सीटवर डॉक्टरबाईंची थोरली बहीण आधीच बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिला बसवायला दोन माणसं लागली होती. मांडीवर पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल.

"मला बसवलंय, आता उतरवू नका," ती म्हणाली. "एकदा बसले की मी सीटचाच भाग."

"ताई, आता थेट वर पोचल्यावरच उतरायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मामा, घाटातला वरचा बोगदा दुरुस्तीसाठी दोनला बंद करतात. आम्हाला निघायला हवं."

मामांनी बटण दाबलं. इंजिन एका दमात लागलं. मऊ, एकसारखं. मामांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, पण ते हात मागे बांधून उभे राहिले, म्हणजे खूश.

"मांजरासारखं गुरगुरतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मामी पुढे झाल्या. बॉनेट उघडं होतं. खाली वाकल्या तसं नळकांड्याच्या बाजूला ते वजन दिसलं. पोट सरळ खाली लोंबत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे पोट खालीच असतं का?"

"कुणाचं पोट?"

"वजनाचं."

"काही गाड्यांत खाली, काहींत वर. ही जात मी पहिल्यांदाच बघतोय. खुणेप्रमाणे बसवलंय." मामांनी बॉनेटला हात घातला. "सरक."

"थोडा वेळ चालू ठेवा ना. गरम होऊ द्या."

"पाच मिनिटं चालवली सकाळी."

"पाच मिनिटांत काय गरम होणार? माझा चहासुद्धा होत नाही."

"मग चहा ठेव जा."

"ठेवते. चहा पिऊन जा तुम्ही, डॉक्टरबाई. ताई, तुम्हीही. तोवर गाडी चालू राहू दे."

"मी चहा प्यायले तर वाटेत थांबावं लागेल," ताई म्हणाल्या, "आणि मग उतरवणार कोण?"

मामांनी मामींकडे नीट बघितलं. एकतीस वर्षांत मामींनी कुठल्याच गिऱ्हाइकाला निघताना थांबवलं नव्हतं. उलट लवकर जा म्हणायच्या, जागा मोकळी होते म्हणून.

"काय झालं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काही नाही. नवीन काम आहे ना. बघू या तापल्यावर."

"तुला कधीपासून कळायला लागलं तापल्यावर काय बघायचं ते?"

ह्याला मामींकडे उत्तर होतं, पण ते एकच होतं, आणि ते दिल्यावर परत घेता येणार नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर दाराबाहेरची पिशवी आली. त्या एवढंच म्हणाल्या, "दहा मिनिटं. डॉक्टरबाई, दहाच मिनिटं."

डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं, मग मामींचा चेहरा. "बरं. दहा."

आत जाऊन मामींनी चहा ठेवला नाहीच. गॅससुद्धा पेटवला नाही. खिडकीच्या जाळीतून बॉनेटखालचं ते वजन दिसत होतं, तिथे नजर लावून उभ्या राहिल्या. वर भिंतीवरचं घड्याळ. दहा एकेचाळीस.

दहा पंचेचाळीस. वजन जागचं हललं नाही.

ते खालीच राहायचं असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. काहींत खाली, काहींत वर. ते म्हणाले ना. आणि बरोबर असेल तर आत्ता तोंड उघडून काय मिळवणार? नवऱ्याचा विश्वास जाणार, गिऱ्हाइकासमोर त्यांची मान खाली जाणार, आणि वजन मात्र बरोबर बसलेलं निघणार. ते पुन्हा सोडवायचं म्हणजे तापलेली, कशीबशी सुटलेली दांडी पुन्हा हलवायची. मोडली तर?

दहा एकोणपन्नास. बाहेर ताई कुठल्यातरी जुन्या नातेवाइकाची नक्कल करत होत्या आणि डॉक्टरबाई हसत होत्या. मामाही हसले. इंजिनाचा आवाज किंचित जाड झाला. मामींना वाटलं, भास असेल. मग पुन्हा जाड झाला, आणि मध्ये एक ठोका चुकला.

मामांची मान इंजिनाकडे वळली. पण त्यांनी कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घातला. पाव फेरा. आवाज सुधारला.

"रिकामी उभी राहिली की थोडं होतं असं," ते म्हणाले. "रस्त्याला लागली की साफ होईल. निघा तुम्ही."

आणि त्यांनी बॉनेट बंद केलं.

ते बंद झालं तशा मामी जाळीपासून वळल्या. त्या बाहेर आल्या. चालत आल्या, पळाल्या नाहीत. डॉक्टरबाई स्टिअरिंगमागे बसल्या होत्या, दार लावत होत्या. ताईंनी हात हलवला. आता पेट्रोलचा वास येत होता. अगदी बारीक. मामींचं नाक एकतीस वर्षं रॉकेलात घासलेलं, पण पेट्रोल आणि रॉकेल त्यांना झोपेतही वेगळं कळलं असतं.

त्या गाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात बॉनेटवर. पत्रा तापलेला होता.

"अगं, काय हे," मामा म्हणाले. "बाजूला हो."

"खूण तुमची नाही."

"काय?"

"वजनावरची खूण. तुमची धुतली गेली बुधवारी. आत्ता आहे ती माझी. मी ओढली, आठवून. आणि आता मला वाटतंय, मी चुकीच्या बाजूला ओढली."

गाडी चालूच होती. मामांनी आधी डॉक्टरबाईंकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा मामींकडे, जणू हे वाक्य तिसऱ्याच कुणीतरी म्हटलं असावं.

"वाटतंय की माहीत आहे?"

"वाटतंय."

"वाटतंय म्हणून गाडी अडवतेस?"

"हो."

"बुधवारी का नाही बोललीस?"

"तुम्ही दांडीला हातोडी लावून आडवे होतात. आणि मग..." मामी थांबल्या. "आणि मग घाबरले."

मामांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. डॉक्टरबाईंनी तेवढ्यात चावी फिरवली. इंजिन बंद झालं, पण लगेच नाही. दोनदा धडपडलं, खोकल्यासारखं, आणि मग थांबलं. त्या शांततेत बॉनेटखालून एक आवाज ऐकू येऊ लागला. बारीक, उकळल्यासारखा. बुडबुड, बुडबुड.

तो सगळ्यांनी ऐकला.

डॉक्टरबाई खाली उतरल्या. "मामा, आमच्याकडे ऑपरेशन संपताना एक नर्स आतले कापसाचे बोळे मोजायची. मोजून म्हणाली, एक कमी आहे, तर मी हात तिथेच थांबवायचे. ती चुकली असेल का, हा वाद पोट शिवून झाल्यावर. आधी बघा."

"ताईंना आधी उतरवू या," मामी म्हणाल्या.

"मला?" ताई म्हणाल्या. "आत्ताच तर बसवलं."

पण दोघींनी मिळून त्यांना उतरवलं, आणि त्याला सहा मिनिटं लागली. सहा मिनिटं. मामा बॉनेट उघडून उभे होते आणि त्या तिघींकडे बघत होते. एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय, मग "थांबा गं, गुडघा". मामांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. घाटात, वळणावर, आगीने ह्या बाईला सहा मिनिटं दिली असती?

कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोलचा ओघळ होता. खालचं बीड जांभळट पडलेलं.

मामांनी सगळं गार व्हायला वेळ दिला नाही. ओघळ पुसला, पंखा लावला, वास गेल्याची खात्री केली, चामड्याचे हातमोजे घातले आणि पाना लावला. मामी वाळूची बादली घेऊन शेजारी उभ्या. वजनाचा बोल्ट सैल झाला. मामांनी वजन दांडीवरून इतकं हळू ओढलं, की निघालं कधी ते कळलंच नाही. अर्धा फेरा फिरवलं. पोट वर. पुन्हा बसवलं, बोल्ट आवळला. स्प्रिंग अजून तापलेलीच होती.

"सोडतो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक.

त्यांनी बोट काढलं. वजन क्षणभर तसंच राहिलं. मग गोल पोट आपल्या भाराने झुकलं आणि पाव फेरा घेऊन बाजूला येऊन थांबलं. आत कुठेतरी पातं उघडल्याचा बारीकसा टक् आवाज आला.

त्यानंतर मामांनी गाडी वीस मिनिटं चालवली. आधी उभी, मग गल्लीच्या टोकाच्या चढावर चार वेळा वर, चार वेळा खाली. प्रत्येक वेळी बॉनेट उघडून वाकून नाकाने बघितलं. मग पंख्यासमोर गार केली, पुन्हा सुरू केली. गार असताना पोट वर, तापल्यावर बाजूला. ह्या सगळ्यात मामींना त्यांनी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. फक्त एकदा, चढावरून परत आल्यावर, "पाणी," म्हणाले. मामींनी दिलं.

बाराला गाडी निघाली. ताईंना पुन्हा बसवलं. जाताना डॉक्टरबाई काच खाली करून म्हणाल्या, "बोगद्यापलीकडे गेले की फोन करते."

मग ते दोघंच उरले. मामा बाकावर बसून एक जुना पंप उघडत होते. खडू जवळ होता, पण त्यांनी रेघ ओढली नाही, नुसताच पंप फिरवत राहिले. मामी ट्रेपाशी. ट्रेमध्ये धुण्यासारखं काही नव्हतं, तरी ब्रश चालू.

सव्वा वाजला. दीड वाजला. डबा तसाच.

एक चाळीसला फोन आला. मामांनी हातमोजा न काढताच कोपराने स्पीकर लावला. आवाज ताईंचा होता. "पोचलो हो बोगद्यापलीकडे. एकदाही दम लागला नाही. गाडीला म्हणतेय. मी आपली दमलेय."

"बरं झालं," मामा म्हणाले. फोन बंद झाल्यावरही ते त्याच्याकडे बघत राहिले.

मामींनी ब्रश खाली ठेवला. "हं. आता माझी पिशवी भरा. भाऊजींची भरली तशी."

"त्याने सांगितलं नव्हतं," मामा म्हणाले. "तू सांगितलंस."

हे इथे संपलं असतं. मामींनी मान डोलावली असती, डबा उघडला असता, दोघं जेवली असती. पण मामींचं असं होतं, की डाग दिसला की तो पुरता निघेपर्यंत त्यांचा हात थांबत नसे.

"मीही आजवर सांगितलं नव्हतंच," त्या म्हणाल्या.

मामांचे हात पंपावर थांबले.

"म्हणजे?"

"म्हणजे खूण बुधवारी पहिल्यांदा नाही पुसली गेली."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

"अंदाजे सांग."

"वर्षातून एखादी. कधी दोन. अंगठा घसरतो. कधी खडूच कच्चा असतो, तुम्ही स्वस्तातला आणता."

"आणि प्रत्येक वेळी तू..."

"परत ओढली."

"आणि मी त्या खुणेवर जोडत गेलो."

"हो."

मामा उठले. दारापर्यंत गेले, परत आले. "मास्तरांची गाडी? तिचा कोळी?" आणि मग स्वतःच दचकले, की आपण कोळी म्हणालो.

"तो तुमचाच. त्याला धक्का नव्हता लागला."

"निळी व्हॅन? जिच्या पंपासाठी तीन मेकॅनिक हरले होते?"

"ती माझी."

"गिअरबॉक्स? लग्नाच्या गाडीचा?"

मामींनी आठवलं. "दोन तुमच्या, एक माझी."

"आणि ती लांब टपाची," मामांचा आवाज खाली आला. "प्रदर्शनात पहिली आली ती. जिच्यामुळे माझं नाव झालं."

मामींनी खाली ठेवलेला ब्रश सरळ केला.

"सांग."

"नाव तुमचंच झालं," मामी म्हणाल्या. "खुणा फक्त चार माझ्या."

मामा स्टुलावर बसले. मामींना वाटलं आता येणार, बारापासून यायचा राहिलेला तो राग. त्यांनी पदराने हात पुसून घेतले, उगाच.

"सगळ्या बरोबर होत्या?" मामांनी विचारलं.

"ही सोडून. ह्या वेळी वजन डाव्या हातात होतं."

मामा समोरच्या दुकानदाराला शटर अर्धं ओढून जेवायला जाताना बघत राहिले. मग त्यांनी तो उघडायला घेतलेला पंप उचलला आणि आपल्या बाकावर मामींसाठी मांडला. शेजारी पान्यांचा जुडगा. स्वतः जाऊन ट्रेपुढच्या पाटावर टेकले. गुडघे मावेनात म्हणून पाय लांब सोडले.

"तू सोडव," ते म्हणाले. "कुठलं कुठून निघतं ते तुझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. उद्यापासून जोडताना दोघांनी बघायचं, आणि पुसली गेली तर त्याच मिनिटाला ओरडायचं, मी गाडीखाली असलो तरी. दांडी मोडली तर मोडली."

"आणि धुणार कोण?"

"मी काय करतोय इथे बसून?"

मामींनी पाना उचलला. त्यांना बोल्टच्या मापाचा पाना बघताक्षणी ओळखता येत होता, ह्याचं मामांना आश्चर्य वाटलं असावं, पण त्यांनी दाखवलं नाही. पहिलं झाकण सुटलं. मामींनी ते मामांच्या हातात दिलं. मामांनी ब्रश रॉकेलात बुडवला आणि घासायला घेतलं.

मामी त्यांच्या हाताकडे बघत होत्या.

"कडेकडेने जात नाहीये ब्रश तुमचा," मामी म्हणाल्या. "कोपऱ्यात काळं तसंच राहिलंय."